एक पान जास्तीचे : पोलंडमधील नाताळची पूर्वसंध्या

डिसेंबरच्या अखेरीस पोलंडमध्ये दुपारी साडेतीनच्या सुमारासच दिवस मावळतो. २४ तारखेला त्या वेळेपर्यंत रस्ते ओस पडू लागलेले असतात, ट्रामगाड्या जवळपास रिकाम्या धावत असतात आणि घराघरांतील लहान मुले खिडकीच्या काचेला नाक लावून उभी असतात. आकाशात पहिला तारा दिसल्याखेरीज कोणी जेवायला बसायचे नाही, असा दंडक आहे. ही बेथलेहेमच्या ताऱ्याची आठवण. त्या मोसमातले पोलंडचे आभाळ बहुधा ढगाळलेले असते. तारा दिसला की नाही याचा निवाडा त्यामुळे शेवटी घरातील भुकेल्या मंडळींच्या एकमतानेच होतो, ही गोष्ट वेगळी.

युरोपातील अनेक देशांत नाताळचा मुख्य दिवस २५ डिसेंबर हा आहे. पोलंडमध्ये मात्र सणाचा सारा जीव आदल्या संध्याकाळी गोळा झालेला असतो. या संध्याकाळीला आणि तिच्या जेवणालाही ‘विगिलिया’ म्हणतात. शब्द मूळचा लॅटिन. त्याचा अर्थ पहारा किंवा जागरण. २५ आणि २६ हे दोन्ही दिवस सुटीचे असतात. पण ते नातेवाइकांकडे जाण्यात, उरलेसुरले संपवण्यात आणि सुस्तावण्यात जातात. गंमत अशी, की ज्या दिवसाला एवढे महत्त्व तो दिवस कायद्याने कामाचाच होता. लोक अर्धी रजा टाकून घर गाठत आणि दुकानांतील विक्रेत्या स्त्रिया दुपारपर्यंत गल्ल्यावर उभ्या राहून मग घरी बारा पदार्थ रांधायला धावत. २०२४ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली आणि २०२५ पासून २४ डिसेंबर ही सार्वजनिक सुटी झाली. व्यापाऱ्यांची भरपाई म्हणून सणापूर्वीचे तीन रविवार दुकाने उघडी ठेवण्याची मुभा देण्यात आली. विक्रेत्यांच्या दृष्टीने हा सौदा कितपत लाभाचा, याविषयी तेव्हाही मतभेद होते.

सणाची तयारी चार आठवडे आधी, म्हणजे आगमनकाळाच्या पहिल्या रविवारापासून सुरू होते. या दिवसांत पहाटे, उजाडण्यापूर्वी चर्चमध्ये विशेष प्रार्थना असते. दिवे मालवलेले, आणि मुलांच्या हातात कंदील. ६ डिसेंबरला संत निकोलसचा दिवस येतो व मुलांना पहिली छोटी भेट मिळते. घराची साफसफाई, गालिचे झटकणे, खिडक्या पुसणे, कोबी आंबवणे आणि आल्या-लवंगांचा मसालेदार केक मुरवत ठेवणे ही कामे त्यामागोमाग. झाड मात्र जुन्या रिवाजाप्रमाणे २४ तारखेलाच सजवले जाते, निदान तसे सांगितले तरी जाते; शहरांतील दुकानांनी आणि चौकांनी हा रिवाज केव्हाच मोडला आहे.

हे झाडही तसे पाहुणेच. ते जर्मन प्रदेशांतून अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्या शतकात पोलिश शहरांत आले आणि खेड्यांत तर आणखी उशिरा पोहोचले. त्यापूर्वी शेतकऱ्यांच्या घरांत फर झाडाचा शेंडा तोडून तो आढ्याला उलटा टांगत आणि त्याला सफरचंदे, अक्रोड व कागदी फुले बांधत. दक्षिण पोलंडमध्ये त्याला ‘पोदवाझनिच्का’ म्हणत. २४ डिसेंबर हा आदम आणि हव्वा यांचाही दिवस असल्याने झाडावरील सफरचंदाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नसे. पोलंडचे महाकवी आदाम मित्स्क्येविच १७९८ साली याच दिवशी जन्मले. त्यांचे नाव आदाम का, याचे उत्तर पंचांगातच आहे.

ओपवातेक

तारा दिसल्यावर सर्वजण टेबलाभोवती येतात, पण बसत नाहीत. पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथखाली गवताची एक मूठ पसरलेली असते. गव्हाणीत जन्मलेल्या बाळाची ती खूण. मध्यभागी ताटलीत ‘ओपवातेक’ ठेवलेला असतो. मैदा आणि पाणी एवढ्यापासूनच केलेली ही कागदासारखी पातळ, चौकोनी, बेचव पापडी. तिच्यावर येशूजन्माचे चित्र उठवलेले असते. लांब दांड्यांच्या, चिमट्यासारख्या लोखंडी साच्यात ती पूर्वी भाजत आणि चर्चमधील ऑर्गनवादक ती घरोघर पोहोचवत असे. आता ती कारखान्यांत आणि मठांत तयार होते व चर्चमधून, क्वचित दुकानांतूनही मिळते.

दिसायला ती मिस्सेतील प्रसादाच्या भाकरीसारखी असली, तरी तिच्यावर धर्मगुरूने तो संस्कार केलेला नसतो. म्हणूनच ती कोणालाही देता येते; श्रद्धाळूला, नास्तिकाला, परधर्मीयाला. विधी साधा आहे. प्रत्येकाच्या हाती एक तुकडा. एकाने दुसऱ्यापुढे तो धरायचा, दुसऱ्याने त्यातला कण मोडून खायचा आणि आपला तुकडा त्याच्यापुढे करायचा. त्या वेळी येत्या वर्षासाठी शुभेच्छा द्यायच्या. ‘सर्व काही छान होवो’ अशी मोघम शुभेच्छा चालत नाही. समोरच्याचे आयुष्य ठाऊक असल्याची खूण तीत असावी लागते. कोणाला परीक्षेत यश, कोणाला गुडघ्याच्या दुखण्यातून सुटका, कोणाला बाळ.

यातच या संध्याकाळची खरी कसोटी आहे. वर्षभर ज्याच्याशी अबोला धरला, त्या भावासमोरही पापडी घेऊन जावे लागते. जमिनीच्या वाटणीवरून फाटलेले चुलते, राजकारणावरून बोलणे बंद झालेले बाप-लेक, सासू आणि सून यांना टेबलाच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाणे टाळता येत नाही. महाराष्ट्रात संक्रांतीचा तिळगूळ हेच काम करतो. फरक एवढाच, की तिळगूळ देऊन पुढच्या घरी जाता येते, आणि येथे त्याच माणसासमोर पुढचे तीन तास बसायचे असते. पोलंडमधील राजकीय दुफळी गेल्या दोन दशकांत इतकी टोकाला गेली आहे, की ‘विगिलियाच्या टेबलावर राजकारण नको’ हा सल्ला वृत्तपत्रे दर डिसेंबरात आवर्जून देतात. तो पाळला जात असता, तर दरवर्षी द्यावा लागला नसता.

परदेशी गेलेल्यांना हा ओपवातेक पत्रातून धाडण्याची रीत आहे. २००४ साली पोलंड युरोपीय संघात गेला आणि लाखो तरुण ब्रिटन व आयर्लंडला कामासाठी निघून गेले. त्यापूर्वी कितीतरी पिढ्या अमेरिकेला गेल्या होत्या. पापडी टपालात मोडते, पण त्याने बिघडत नाही, ती मोडण्यासाठीच असते. गावाकडे गुरांसाठी रंगीत ओपवातेक करत. त्या रात्री बाराच्या ठोक्याला जनावरांना वाचा फुटते, अशी समजूत होती. ते बोलणे चोरून ऐकणाऱ्याचे मात्र भले होत नाही, अशी पुस्तीही तिला जोडलेली असे.

बारा पदार्थ, आणि मांस एकातही नाही

विगिलियाचे जेवण हे एका अर्थी उपवासाचे जेवण आहे. मांस वर्ज्य, जुन्या काटेकोर घरांत लोणी, दूध, अंडीही वर्ज्य असत आणि सारे जवसाच्या किंवा भांगेच्या बियांच्या तेलात शिजे. १९८३ च्या चर्चसंहितेनुसार या दिवशी मांस टाळणे बंधनकारक राहिलेले नाही. पोलिश बिशपांनी तो रिवाज पाळावा असे आवाहन तेवढे केले आहे. नियम गेला तरी टेबलावर मांस काही आले नाही. वर्षभर चर्चचे तोंड न पाहणारी कुटुंबेही त्या संध्याकाळी सॉसेजला हात लावत नाहीत. अर्थात उपवास म्हटला तरी पोट तडस लागेस्तोवर भरण्याची सोय त्यात आहे, हे एकादशी पाळणाऱ्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

पदार्थ बारा असावेत असा संकेत आहे. ख्रिस्ताचे बारा शिष्य किंवा वर्षाचे बारा महिने, असा त्याचा अर्थ लावतात. जुनी परंपरा वेगळी होती. तीत पदार्थांची संख्या विषम असे: शेतकऱ्याकडे पाच किंवा सात, सरदारांकडे नऊ, बड्या जहागीरदारांकडे अकरा. जेवणारी माणसे मात्र सम संख्येत हवीत. विषम झाली तर त्यांतील एकजण पुढची विगिलिया पाहणार नाही, अशी भीती असे, आणि तेरा तर नकोतच. प्रत्येक पदार्थाचा घास तरी घ्यायचाच, नाहीतर येत्या वर्षी तेवढ्या सुखांना मुकावे लागते.

सुरुवात बहुधा ‘बार्श्च’ने होते. आंबवलेल्या बिटाच्या रसाचे हे गडद लाल, नितळ सार. त्यात अळिंबीचे सारण भरलेल्या चिमुकल्या मुरडी तरंगत असतात. त्यांना ‘उश्का’ म्हणजे ‘छोटे कान’ म्हणतात. काही प्रांतांत बिटाऐवजी वाळवलेल्या रानअळिंबीचे सूप असते. शरदात जंगलात जाऊन अळिंबी वेचणे हा पोलंडचा राष्ट्रीय छंदच आहे आणि दोऱ्यात ओवून वाळवलेल्या त्या माळांना डिसेंबरात भाव येतो. मग आंबवलेला कोबी आणि अळिंबी भरून उकडलेल्या करंज्या, म्हणजे पिएरोगी; तेलात किंवा सायीत मुरवलेला हेरिंग मासा; वाटाणे घातलेला कोबी; आणि मुख्य मान कार्प माशाचा. शेवटी वाळवलेली आलुबुखारे, सफरचंदे व नासपती उकळून केलेले धुरकट चवीचे ‘कॉम्पोत’. ही आलुबुखारे धुरावर वाळवलेली असतात; परक्या माणसाला पहिला घोट चमत्कारिक लागतो.

गोडात सर्वत्र खसखस. खसखशीचे जाड सारण भरून गुंडाळलेला ‘माकोव्येत्स’, खसखस-मधातल्या शेवया, आणि पूर्वेकडच्या कुटुंबांत ‘कूत्या’. नाव मराठी कानाला खटकेल, पण हा पदार्थ म्हणजे कोल्हापूर-सोलापूरकडील गव्हाच्या खिरीचा दूरचा नातलगच. सडलेले गहू, खसखस, मध आणि सुकामेवा. खसखस, मध आणि वाटाणा हे स्लाव्ह लोकांत पितरांचे अन्न मानले जात असे. ख्रिस्ती धर्म पोलंडमध्ये ९६६ साली आला. वर्षातील सर्वांत लांब रात्रींमध्ये मेलेली माणसे घरी येतात ही समजूत त्याच्याही आधीची असावी, असे लोकसंस्कृतीचे अभ्यासक मानतात. बसण्यापूर्वी खुर्चीवर हलकेच फुंकर घालण्याची एक जुनी चाल होती. तिथे कोणाचा आत्मा टेकला असेल, तर त्याच्यावर बसायला नको!

प्रांताप्रांतांचे पानही बदलते. सायलेशियात मसालेदार केक, सुकामेवा आणि बिअर यांपासून केलेला दाट ‘मोच्का’ लागतो. पूर्व सीमेवरील पोद्लास्ये भागात ऑर्थोडॉक्स पंथीयांचा नाताळ जुन्या पंचांगाप्रमाणे ७ जानेवारीला येतो, त्यामुळे तिथल्या मिश्र कुटुंबांत विगिलिया दोनदा होते. पुष्कळ घरांत आजही बदाम-मनुका घातलेल्या गोडसर जेलीतील मासा होतो. त्याचे नाव ‘यहुदी पद्धतीचा कार्प’. दुसऱ्या महायुद्धापूर्वी पोलंडमध्ये तीस लाखांवर यहुदी राहत होते. त्यांतील बहुतेक सर्व नाझींनी मारले. त्यांच्या शब्बाथच्या जेवणातला हा पदार्थ शेजाऱ्यांच्या नाताळच्या टेबलावर राहून गेला. खाणाऱ्यांपैकी किती जणांना नावाचा अर्थ जाणवतो, कोण जाणे.

न्हाणीघरातला मासा

कार्प हा आपल्याकडील रोहू-कटला यांच्याच कुळातला, तळ्यात वाढणारा मासा. पोलंडमध्ये तो मध्ययुगात मठवासीयांनी आणला. उपवासाचे दिवस मोजता मोजता ज्यांना माशांची गरज सर्वाधिक लागे, त्या सिस्टर्शियन संन्याशांनी खोदलेली मिलिचची तळी आजही मत्स्यशेतीसाठी वापरात आहेत. दक्षिणेकडील झातोर गावच्या कार्पला तर युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षणही मिळाले आहे. मासा विक्रीजोगा व्हायला सुमारे तीन वर्षे लागतात आणि शेवटचे काही दिवस त्याला स्वच्छ पाण्यात ठेवून चिखलाचा वास घालवावा लागतो.

तरीही कार्प घराघरांत पोहोचला तो साम्यवादी राजवटीत. युद्धाने मासेमारीचा ताफा उद्ध्वस्त झाला होता. समुद्री मासे दुर्मिळ, पाइक किंवा झँडरसारखे मासे महाग. स्वस्तात आणि लवकर प्रथिने पुरवायची, तर तळ्यांतला कार्प हाच मार्ग होता. सरकारने तळी वाढवली. कारखाने आणि कचेऱ्या सणापूर्वी कामगारांना कार्प वाटू लागल्या. धर्म नाकारणाऱ्या सरकारने धर्माच्या सणाचा मुख्य पदार्थ ठरवला, हा या कहाणीतला विनोद.

फ्रीज फार घरांत नसत, म्हणून मासा जिवंतच आणत आणि दोन-तीन दिवस न्हाणीघरातील टबात सोडून देत. त्या काळात वाढलेल्या प्रत्येक पोलिश माणसाकडे या टबातल्या माशाची एक तरी आठवण असते. मुले त्याला नाव ठेवत, पावाचे तुकडे टाकत. घरातील कोणाला अंघोळ करता येत नसे. मग २३ किंवा २४ तारखेला वडिलांना लाकडी हातोडा घेऊन न्हाणीघरात जावे लागे, आणि रात्री टेबलावर एखादे पोर हटकून रडे. माशाचा एक खवला धुऊन पाकिटात ठेवला की वर्षभर पैशाची चणचण भासत नाही, असे मानतात.

आता ही प्रथा मावळते आहे. पाण्याशिवाय प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून जिवंत मासे विकण्याविरुद्ध प्राणिमित्र संघटना न्यायालयांत गेल्या. खालच्या न्यायालयांनी विक्रेत्यांना निर्दोष ठरवले होते, पण २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. माशालाही वेदना होतात आणि प्राणिसंरक्षण कायदा त्यालाही लागू आहे, हे त्यातून अधोरेखित झाले. अनेक मोठ्या साखळी दुकानांनी जिवंत कार्प विकणे थांबवले आहे. तुकडे करून बर्फावर ठेवलेला कार्प मिळतो. तरुण पिढीला तर त्याच्या काट्यांचाही कंटाळा आहे आणि सॅमन सोपा वाटतो.

रिकामी खुर्ची

टेबलावर जितकी माणसे, त्याहून एक ताट अधिक मांडले जाते. काटे-चमचे, ग्लास, खुर्ची सर्व काही. ते कोणासाठी, याची उत्तरे अनेक आहेत आणि ती एकमेकांवर साचत गेली आहेत. सर्वांत जुने उत्तर पितरांचे. चर्चने दिलेले उत्तर वाटसरूचे: मरिया आणि योसेफ यांना बेथलेहेममध्ये कोणी थारा दिला नाही, तेव्हा त्या रात्री दार वाजवील त्याला आत घ्यायचे. ‘पाहुणा घरी म्हणजे देव घरी’ अशी पोलिश म्हणही आहे. माणसे विषम झाली तर संख्या सम करण्याची सोयही या ताटाने होते.

एकोणिसाव्या शतकाने त्याला आणखी एक अर्थ दिला. १७७२ ते १७९५ दरम्यान रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंडची तीनदा फाळणी केली व देश १२३ वर्षे नकाशावरून पुसला गेला. १८६३ च्या उठावानंतर हजारो जणांना सैबेरियात धाडण्यात आले. तेव्हापासून रिकामे ताट हे घरातल्या माणसाचे झाले. जो जिवंत आहे की नाही हे ठाऊक नाही, अशा माणसाचे. युरोपात इतरत्र मेणबत्ती लावून मृतांचे स्मरण करतात. येथे परत येण्याची शक्यता धरून पान मांडले जाते, आणि हा फरक लहान नाही.

विसाव्या शतकात अशी पाने वाढली. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधील लाखो माणसांना सैबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केले. १९४१ च्या करारानंतर त्यांतील काहींची सुटका झाली आणि इराणमार्गे स्त्रिया व मुलांचे जथे हिंदुस्थानात पोहोचले. जामनगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे मुलांना आश्रय दिला, आणि कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. तिच्यात शाळा, दवाखाना, नाट्यगृह आणि चर्च होते. कोल्हापूरचा डिसेंबर म्हणजे उन्हाचा, उसाच्या गाळपाचा. फरचे झाड नाही की बर्फ नाही. त्या बराकींत प्रत्येक कुटुंबाला एकाहून अधिक ताटे रिकामी मांडावी लागली असती. पुरुष आघाडीवर तरी होते किंवा सैबेरियात पुरलेले. युद्धानंतर त्यांतील बहुतेक जण ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका अशा देशांत विखुरले. थोडेच पोलंडला परतले. वॉर्सात या वसाहतीचे स्मारक आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तेथे पुष्पचक्र वाहिले, तेव्हा महाराष्ट्रातील अनेकांना ही हकिगत नव्याने कळली.

१३ डिसेंबर १९८१ रोजी जनरल वोयचेख यारुझेल्स्की यांनी देशात लष्करी कायदा पुकारला. ‘सॉलिडॅरिटी’चे हजारो कार्यकर्ते स्थानबद्ध झाले. दूरध्वनी तोडण्यात आले आणि १६ डिसेंबरला कातोवित्सेच्या वुयेक कोळसा खाणीत गोळीबारात नऊ खाणकामगार ठार झाले. आठ दिवसांवर विगिलिया होती. मध्यरात्रीच्या मिस्सेसाठी त्या एका रात्री संचारबंदी उठवण्यात आली. तेवढी सवलत नाकारण्याचे धाडस लष्करालाही झाले नाही. पोलिश पोप दुसरे जॉन पॉल यांनी व्हॅटिकनमधील आपल्या खिडकीत त्या संध्याकाळी मेणबत्ती लावली. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनीही देशवासीयांना पोलंडसाठी खिडकीत मेणबत्ती लावण्याची विनंती केली होती.

या साऱ्याला कोणी विचारील, की आजवर खरोखरच अनोळखी माणसाने दार ठोठावले तर किती घरे उघडतील? पोलिश वृत्तपत्रे हा प्रश्न स्वतःच विचारत आली आहेत. रिकामे ताट मांडणाऱ्या देशाने २०१५ मध्ये पश्चिम आशियातून आलेल्या निर्वासितांना घेण्यास नकार दिला, तेव्हा टीकाकारांनी नेमके या ताटावर बोट ठेवले. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि त्याच देशातील सामान्य माणसांनी सीमेवर जाऊन अपरिचित आया-मुलांना आपापल्या घरी आणले. त्या वर्षीच्या विगिलियाला कितीतरी घरांत जास्तीच्या ताटावर कोणीतरी जेवत होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

मध्यरात्र, गाणी आणि दूरदर्शन

जेवणानंतर झाडाखालच्या भेटी. त्या कोण आणतो, हे प्रांतावर अवलंबून असते. पोझ्नानकडे ‘ग्व्याज्दोर’ म्हणजे तारेवाला बुवा, क्राकोवकडे देवदूत, सायलेशियात बाळ येशू, इतरत्र संत निकोलस. या सीमारेषा बऱ्याच अंशी जुन्या फाळणीच्या रेषांवरून जातात. साम्यवादी सरकारने रशियन धर्तीचा ‘हिमआजोबा’ रुजवण्याचा खटाटोप केला. तो राजवटीबरोबरच वितळला.

मग ‘कोलेंदा’ म्हणजे नाताळगीते. पोलंडचा हा खजिना फार मोठा आहे. फ्रान्चिशेक कार्पिन्स्की यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेले एक भव्य गीत जवळजवळ राष्ट्रगीताच्या मानाने गायले जाते, आणि ‘लुलायझे येझुन्यू’ ही अंगाई शोपँ यांनी आपल्या बी मायनर स्केर्झोच्या मधल्या संथ भागात गुंफली आहे. देशातील उठाव चिरडला गेला त्या सुमारास परदेशी असलेल्या विशीतल्या संगीतकाराने घरच्या नाताळची आठवण अशी लपवून ठेवली. मध्यरात्री ‘पास्तेर्का’ म्हणजे मेंढपाळांची मिस्सा. थंडीत चर्चबाहेरही माणसे उभी असतात.

दूरचित्रवाणीने या सणाला एक अनपेक्षित परंपरा जोडली. ‘होम अलोन’ हा अमेरिकी चित्रपट पोल्सात वाहिनीवर दर नाताळला दाखवला जातो. २०१० साली वाहिनीने तो वगळण्याचे ठरवताच प्रेक्षकांनी इतका गदारोळ केला, की चित्रपट परत आणावा लागला.

क्राकोवच्या शॉप्का

येशूजन्माचे देखावे सगळीकडेच असतात. क्राकोवचे मात्र कशासारखेच नाहीत. ‘शॉप्का’ म्हणजे गोठा. पण येथे गोठ्याच्या जागी शहरातील सेंट मेरी चर्चचे मनोरे, वावेल राजवाड्याचे घुमट आणि बारोक सज्जे एकावर एक चढवलेले असतात. तळाशी कुठेतरी बाळ येशू. सारे बांधकाम पुठ्ठा आणि लाकडाचे व त्यावर चॉकलेटच्या वेष्टनासारखी रंगीबेरंगी चांदी चिकटवलेली. ही कला एकोणिसाव्या शतकात शहराच्या वेशीवरील गवंडी व कारागिरांनी वाढवली. हिवाळ्यात बांधकामे थंडावत. तेव्हा हे लोक शॉप्का बनवून, त्यांत बाहुल्या नाचवून घरोघर खेळ करत. १९३७ पासून तिची स्पर्धा भरते. युद्धकाळात ती बंद होती व १९४५ मध्ये पुन्हा सुरू झाली. डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी सकाळी कारागीर आपापल्या शॉप्का घेऊन मुख्य चौकातील मित्स्क्येविच यांच्या पुतळ्याच्या पायऱ्यांवर जमतात. काही काडेपेटीत मावतील एवढ्या, काही माणसाच्या डोक्याहून उंच. २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत या कलेची नोंद झाली. पोलंडची ती पहिलीच.

तीन राजांपर्यंत

२६ तारखेपासून खेड्यांत गाणाऱ्या पोरांच्या टोळ्या निघत. काठीवर फिरता तारा, कोणी हेरोद राजा, कोणी यमदूत, आणि लाकडी जबडा खडाखडा वाजवणारा शिंगवाला ‘तूरोन’. हे आता दक्षिणेच्या डोंगराळ भागात व लोकोत्सवांतच अधिक दिसते. ६ जानेवारीला तीन राजांचा सण येतो. साम्यवादी सरकारने १९६० मध्ये त्याची सुटी रद्द केली होती. ती २०११ मध्ये परत मिळाली. त्या दिवशी आशीर्वादित खडूने दारावर राजांच्या नावांची आद्याक्षरे आणि साल लिहितात. याच दिवसांत धर्मगुरू घरोघर भेटी देतात. एके काळी ही भेट चुकवणे अशक्य होते. आता अनेक शहरी वसाहतींत ज्यांनी आधी नोंद केली त्यांच्याचकडे ते जातात.

कारण देश बदलला आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे ८७.६ टक्के लोकांनी आपण रोमन कॅथलिक असल्याचे नोंदवले होते. २०२१ मध्ये हा आकडा ७१.३ टक्क्यांवर आला. उत्तर न देणाऱ्यांचे प्रमाण या वेळी मोठे होते, हेही खरे. मोठ्या शहरांतील तरुणांत चर्चपासून दुरावा सर्वाधिक आहे. मात्र त्यांच्यातलेच कितीतरी जण २४ डिसेंबरला गाडी पकडून आईवडिलांच्या गावी जातात, ओपवातेक मोडतात आणि जास्तीचे पान मांडतात.

झाड बऱ्याच घरांत जानेवारीभर ठेवतात. २ फेब्रुवारीला मेणबत्त्यांचा सण होतो, चर्चमध्ये शेवटच्या कोलेंदा गायल्या जातात, आणि त्यानंतर देखावा आवरून ठेवतात.